तुमची बदलत्या नळीची बंदूक

अहो, लेमान आज पुन्हा येऊन गेले. "शिकारमंडळाचा प्रमुख म्हणून नाही, मित्र म्हणून आलोय," असं दारातच बजावलं आणि मग तासभर प्रमुखासारखेच ताठ बसले. हिरवी टोपी गुडघ्यावर, चहा तसाच. शेवटी घसा साफ करून म्हणाले, "फ्राऊ लेले, माधवची बंदूक कपाटात पडून राहणं बरोबर नाही. बंदूक रानात हवी. मला द्या, मी ती वापरीन. त्याला ते आवडलं असतं."

तुम्हाला काय आवडलं असतं हे आता जो तो येऊन मला सांगतोय. तुम्हाला जाऊन सतराच दिवस झालेत आणि एवढ्यात तुमच्या आवडीनिवडी माझ्यापेक्षा साऱ्या ड्रेस्डेनला जास्त ठाऊक झाल्यात. कुलकर्णीवहिनींनी तेराव्याला भोपळ्याचे घारगे करून आणले, तुमच्या आवडीचे म्हणून. आयुष्यभर तुम्ही ते त्यांची पाठ वळली की रुमालात गुंडाळून खिशात घालत आलात. मी चार खाल्ले, तुमच्या वाटचे धरून.

पण लेमानना उत्तर द्यायला हवं. शस्त्रपरवान्याच्या आमटचं, म्हणजे सरकारी कचेरीचं, पत्र आलंय. एक ओळ दुःखाची आणि खाली लगेच मुदत. महिन्याच्या आत मी दोनपैकी एक करायचं. बंदूक एखाद्या परवानाधारकाला द्यायची, नाहीतर वारस म्हणून स्वतःच्या नावावर घ्यायची आणि कारागिराकडून तिच्या नळीत कायमचं कुलूप बसवून घ्यायचं, म्हणजे ती पुन्हा उडणार नाही. गेल्या वर्षीच हा नवा नियम आलाय म्हणे. मुग्धा बर्लिनहून फोनवर म्हणाली, "ममा, गिब्झ डेम लेमान, फेर्टिश." लेमानना दे आणि मोकळी हो. आपल्या लेकीला सगळंच असं फेर्टिश करता येतं. तुमच्यावर गेलीय असं काही म्हणवत नाही, कारण तुम्ही ही एक बंदूक निवडायला आठ महिने घेतले होते.

माझी अडचण वेगळी आहे. सात वर्षं बंदूक बाळगून तुम्ही एक ससासुद्धा मारला नाहीत. ती नुसती पडून राहिली याची तुम्हाला हळहळ होती, तर लेमाननी ती न्यायलाच हवी. आणि ती उडू नये हीच तुमची इच्छा असेल, तर ती त्यांच्या हातात देणं म्हणजे तुमच्याशी दगाबाजी. यातलं खरं कुठलं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता विचारतेय, तर तुम्ही फोटोत जाऊन बसलायत.

सुरुवात लेमाननीच केली. तुमच्या पंपांच्या वर्कशॉपात ते माइस्टर, म्हणजे फोरमन, आणि शहराबाहेर अर्ध्या तासावरचं रान त्यांनी शिकारीसाठी भाडेपट्ट्यानं घेतलेलं. युरो नवा नवा आला होता तेव्हाची गोष्ट. रानडुकरं मका नासवतात, माणसं कमी पडतात, तू शिकाऱ्याची परीक्षा दे, असं ते जेवणाच्या सुट्टीत म्हणाले आणि डब्यातली मटकीची उसळ खाता खाता तुम्ही हो म्हणालात. इथले लोक या परीक्षेला हिरवी बारावी म्हणतात. नऊ महिने दर शनिवारी वर्ग. पुण्याच्या लेल्यांच्या घरात कधी कुणी अंडं फोडलं नव्हतं आणि तुम्ही जेवणाच्या टेबलावर हरणाची आतडी कशी काढायची त्याच्या आकृत्या रंगीत पेन्सिलींनी रंगवत बसायचात. लेखी परीक्षेत पहिले आलात. प्रात्यक्षिकात डोळे मिटून घेतलेत, पण हात बरोबर चालले म्हणून पास केलं, हे तुम्हीच मला सांगितलंत.

हे सगळं कशासाठी, ते मला पक्कं ठाऊक होतं. आबांसाठी. माझ्या माहेरी, आजऱ्याला, आबांची शिकारी म्हणून केवढी ख्याती. कायद्यानं बंदी यायच्या आधीच्या त्यांच्या गोष्टी ऐकत मी वाढले. आपल्या लग्नात त्यांनी भर मांडवात पाहुण्यांना सांगितलं होतं, "जावई हुशार हाय, पण वरणभाताचा हाय." सगळे हसले, तुम्हीही हसलात. पंचवीस वर्षांनी तुम्ही हिरव्या बारावीचं प्रमाणपत्र फ्रेम करून त्याचा फोटो आजऱ्याला पाठवलात, तेव्हा मला कळलं की मांडवातलं ते हसणं काही खरं नव्हतं.

मग बंदूक. लेमानचं म्हणणं, जुनी पाच गोळ्यांची घे, स्वस्तात मिळते, विषय संपला. तुम्ही म्हणालात, "पाच कशाला? एकच असली की माणूस झाडण्याआधी विचार करतो." लेमानचे आजोबा असंच बोलायचे म्हणे. त्या मंडळात तुमची जी इज्जत झाली ती या एका वाक्यावर, आणि तीही बंदूक हातात यायच्या आधी.

एकच गोळी ठरल्यावर तुम्हाला कुठेतरी सापडलं की अशा बंदुकीची नळी बदलता येते. हरणाला बारीक नळी, रानडुकराला जाड. पुढचा लाकडी भाग काढायचा, एक नळी उतरवायची, दुसरी चढवायची. दस्ता तोच, चाप तोच. दोन बंदुका घेण्यापेक्षा परवडतं. तुम्ही संध्याकाळभर कागदावर चित्रं काढून मला समजावत होतात.

मी म्हटलं, "म्हणजे मिक्सर."

"काय?"

"मोटर एक, भांडी तीन. आणि आत्ताच सांगून ठेवते, रोज चटणीचं भांडंच लागतं, बाकीची दोन माळ्यावर जातात."

तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी बंदुकीच्या दुकानात त्या कारागिराला तुम्हीच मिक्सरचं उदाहरण दिलंत, आणि ते माझं आहे हे काही सांगितलं नाहीत. मी शेजारीच उभी होते.

बिचारा कारागीर. पुण्याच्या कारखान्यात खरेदी खात्यात घालवलेली चार वर्षं तुमच्या अंगातून कधी गेली नाहीत. तीन कोटेशनं आल्याशिवाय तुम्ही घरात कुकरसुद्धा येऊ दिला नाहीत. त्याच्याकडेही तुम्ही तीन बंदुकांची लेखी कोटेशनं मागितलीत, दुसऱ्या नळीसहित आणि तिच्याशिवाय. एक ऑस्ट्रियाची, बाजूवर हरणं कोरलेली. तिची किंमत कळल्यावर तुम्ही हात मागे बांधूनच ती पाहिलीत. एक अमेरिकेची, सगळ्यात स्वस्त, पण नळी त्या त्या बंदुकीला बसवूनच घ्यावी लागते, म्हणून पुढेमागे आणखी नळी हवी तर बंदूक समुद्रापलीकडे पाठवा. आणि तिसरी सूल गावची, पूर्व जर्मनीच्या काळातली, वापरलेली, दिसायला साधी, दोन्ही नळ्या मुळापासून तिच्याच. ही तिसरी तुम्ही प्रकाशात धरलीत, आणि मग खिशातून तुमचं ते पातळ पात्यांचं फीलर गेज काढून नळीच्या बुडाशी घालायला लागलात.

"काय करताय?" कारागीर.

"गॅप बघतोय."

"आमच्या बंदुकीत गॅप नसते."

"हो, पण किती नसते?"

मला वाटलं आता हा माणूस आपल्याला बाहेर काढणार. त्यानं खालचा खण उघडला आणि स्वतःचं, तुमच्याहून बारीक पात्यांचं फीलर गेज काढून तुमच्या हातात दिलं. पुढचा दीड तास तुम्ही दोघं काय बोललात ते मला कळलं नाही, मला कुणी खुर्चीही दिली नाही.

आपलं भांडण झालं ते दुर्बिणीवरून, आणि ते अजून मिटलेलं नाही. नळी बदलली की बंदुकीवरच्या दुर्बिणीचा नेम नेमबाजीच्या रेंजवर जाऊन पुन्हा जुळवावा लागतो, म्हणून प्रत्येक नळीला आपापली दुर्बीण असावी, असं कारागीर घसा कोरडा करून सांगत होता. मीही म्हटलं, दोन घ्या. नाहीतर दोन भांडी आणि झाकण एकच, त्याला काय अर्थ? तुम्ही म्हणालात, "परवडणारी हवी म्हणून तर हा सगळा खटाटोप. दुर्बीण एकच." मी तुम्हाला चिक्कू म्हणाले. पुढे लागोपाठ चार वाढदिवसांना मी स्वतःच्या कमाईतून दुसरी दुर्बीण द्यायची तयारी दाखवली. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान तेव्हा बरं चाललं होतं. दरवेळी तुम्ही म्हणालात, "स्वेटर दे."

दुर्बीण नाही तर नाही, मी नळ्यांना खोळी शिवल्या. दुकानात उरलेल्या खणाच्या तुकड्यांच्या. हरणाच्या बारीक नळीला हिरवी, रानडुकराच्या जाड नळीला लाल. मंडळातले शिकारी ती जरीची किनार हात लावून बघायचे. आणि पहिल्या दसऱ्याला मी बंदुकीची पूजा केली. आपण दोघांनीही एवढा विचार केला नाही की कालवलेल्या कुंकवात पाणी असतं आणि बंदूक तशीच रात्रभर पाटावर राहिली तर काय होईल. सकाळी जाड नळीवर पाच बोटांचे गंजलेले ठसे. तुम्ही ती घेऊन गेलात, कारागिरानं भिंगातून पाहिलं, हे कशानं झालं विचारलं, तुम्ही सविस्तर सांगितलंत, नवरात्रापासून. पावतीवर त्यानं लिहिलं: "गंज. धार्मिक कारणाने."

सगळ्यात मोठी चूक माझीच म्हणायची. मी डीप फ्रीजर घेतला. आजऱ्याची मुलगी, घरात शिकारी नवरा, मी काय कल्पना केल्या असतील त्या केल्या. तळघरात तो पांढरा पेटारा आणून ठेवला, आईला विचारून जाड मसाला वाटून भरून ठेवला. सात वर्षं त्या फ्रीजरात मटार, खवलेला नारळ आणि मेथी यांच्याखेरीज काही गेलं नाही. तुम्ही रानातून परत यायचात, नाक लाल, बुटांना चिखल, आणि दारातच कारण तयार असायचं. हरीण आलं होतं, पण जाड नळी नेली होती, मांसाची नासाडी झाली असती. डुकरं आली होती, पण बारीक नळी नेली होती, त्यानं डुकराला मारणं कायद्यात बसत नाही. जनावर आणि नळी दोन्ही जुळलं, तर नळी कालच बदललीय, नेम जुळवायचा राहिलाय. मी ऐकून घ्यायचे आणि मटार काढायचे.

दुसऱ्या वर्षी मला खोळींचं लक्षात आलं. लेमानचा फोन आला होता, मक्यात डुकरं शिरलीत, लगेच ये. मी खिडकीत उभी होते. तुम्ही गाडीच्या डिकीत नळी ठेवलीत, ती हिरव्या खोळीतली. पुढच्या आठवड्यात हरणासाठी म्हणून गेलात, तर लाल. मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस, त्याला दोन रंग कळत नाहीत यावर मी किती दिवस विश्वास ठेवणार? तरी मी बोलले नाही. तुम्ही परत आलात की चहा घेता घेता मला त्या हरणाचं सांगायचात. कान कसे होते, एक कान मागे वळवून कसं ऐकत होतं, पिल्लू आईच्या पोटाखालून कसं डोकावलं. शेजारच्या पोरांचंही तुम्ही कधी एवढं कौतुक केलं नाहीत. मी विचारलं असतं तर ते सांगणं बंद झालं असतं, म्हणून गप्प राहिले. पण मनात एक सल होताच. हा माणूस माझ्याशी सरळ का बोलत नाही?

तुमच्या निरोपाचा समारंभ तुम्हीच बघायला हवा होता. कुलकर्णींनी गीतेचा पंधरावा अध्याय म्हटला. तो संपतो न संपतो तोच सहा हिरवे कोट उठले आणि त्यांनी शिंगं वाजवली, शिकार संपल्याची खूण म्हणून. आपल्या मराठी मंडळातल्या बायका दचकून एकमेकींना चिकटल्या. मग लेमाननी तुमच्या पेटीवर फरच्या झाडाची डहाळी ठेवली आणि म्हणाले, "माधव लेले यांनी सात वर्षांत एकदाही चुकीचं जनावर मारलं नाही. असा संयम आम्ही पाहिलेला नाही." माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो सगळ्यांना हुंदका वाटला. तुम्ही असतात तर तुम्हाला कळलं असतं तो कशाचा होता. घरी येईपर्यंत मी तो दाबून धरला, आणि घरी आल्यावर हसायला कुणी नव्हतं. तेव्हा मात्र खरंच रडले.

एवढं लिहून झोपले. सकाळी उठून आबांना फोन लावला. आता कमी ऐकतात, ओरडावं लागतं. लेमान येऊन गेल्याचं सांगितलं, पत्राचं सांगितलं. मग म्हटलं, होऊन जाऊ दे, आता लपवून कुणाची लाज राखायची. "आबा, खरं सांगते. यांनी एकही जनावर मारलं नाही."

"ठावं हाय मला."

"कसं?"

"पयल्याच वर्षी त्यानं फोन क्येला व्हता. म्हनला, आबा, हरिण म्होरं आलं, दुर्बिणीतनं बघितलं, तर त्ये माझ्याकडं बघाय लागलं. बोटच हालंना. आता हिला काय सांगू? तिनं फ्रीजर आनून ठेवलाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? म्हनलं, जावईबापू, दोन नळ्या हाईत तुमच्याकडं, नशीबवान हाय तुमी. रोज चुकीची न्या."

मी फोन धरून स्वयंपाकघरात खाली बसले. आबाच पुढे बोलत होते. "आमच्याकडं एकच बंदूक, एकच नळी. मला आपलं वाऱ्याच्या तोंडाला बसाय लागायचं. मानसाचा वास लागला की जनावर फिरकत न्हाई."

"आणि त्या सगळ्या गोष्टी?"

"त्या माझ्या चुलत्याच्या. त्यो मारायचा. लोकास्नी आवडत्यात म्हनून सांगायचो, पोरी."

आमच्या घरी मी जन्मभर खाल्लेलं मटण बाजारातून यायचं, आबा स्वतः पिशवी घेऊन आणायला जायचे. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ड्रेस्डेनमध्ये फरशीवर बसून हे माझ्या लक्षात आलं. आणि दर वाढदिवसाला तुम्ही दुसरी दुर्बीण का नाकारलीत, तेही; ती आली असती तर नेम जुळवायचा राहिलाय म्हणायची सोय गेली असती. तुमची आबांसमोर मान उंच राहावी म्हणून मी सात वर्षं दर रविवारी फोनवर, "मोसम नाही हो आबा," असं सांगत होते, आणि तुम्ही दोघं मला घाबरून माझ्याच पाठीमागे नळ्या ठरवत होतात. मला खूप राग आला. अजून आहे. मला हसू आलं असतं असं वाटलं तुम्हाला? आलंच असतं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस हसले असते. मग फ्रीजर विकून टाकला असता आणि तुमच्याबरोबर मचाणावर येऊन बसले असते. ते हरीण मीही पाहिलं असतं. तुमच्या तोंडूनच ऐकलं फक्त, याचं वाईट वाटतं. आणि मांडवातलं म्हणाल, तर आबा म्हणाले ते बरोबरच होतं, पण मला वरणभातच हवा होता हो. तो मी पारखून घेतला होता, एकाच कोटेशनवर. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चालले.

त्याच संध्याकाळी लेमानना फोन करून नाही म्हटलं. कारण विचारलं नाही त्यांनी. "गेनाऊ," बरोबर आहे, एवढंच म्हणाले.

मध्ये आठवडा गेला, आणि आज तुमचा तो कारागीर घरी आला, कुलपं घेऊन. दोन नळ्या, दोन कुलपं. खणाच्या खोळी त्यानं हळूच काढल्या, घडी करून ठेवल्या, भिंगातून जुन्या ठशांच्या जागा बघितल्या, स्वतःशीच हसला. काम झाल्यावर बंदुकीवरून फडकं फिरवत म्हणाला, "मला हे काम आवडत नाही, फ्राऊ लेले. इतकी चांगली बंदूक, आता कधीच उडणार नाही."

"वाईट वाटून घेऊ नका," मी म्हटलं. "सात वर्षं हेच काम माझा नवरा हातानं करत होता."